दुपटीच्या बोलीवर दिलेलं बियाणं

थंडीत म्हैसूरच्या देवराज मार्केटात शिरलं की अवरेकाईचे हिरवे ढीग दिसतात. अवरे म्हणजे आपल्याकडचा वाल, पावटा; गावागणिक नाव बदलतं, वेल तोच. शेंगेच्या चिकट सालीच्या उग्र वासाला तिकडे 'सोगडू' म्हणतात आणि जाणती गिऱ्हाइकं शेंग हुंगूनच घेतात. भिजवलेला दाणा चिमटीत दाबून साल काढायची आणि त्याचं सारू, म्हणजे पातळ आमटी, करायची, हा तिकडच्या घरांमधला हिवाळ्याचा सोहळा. जुन्या जाती दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाहीत. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने दिवसमानाची पर्वा न करणारे 'हेब्बाळ अवरे'सारखे वाण काढले, त्यामुळे ही शेंग इतर ऋतूंतही पिकवता येऊ लागली. त्या संशोधनालाही बीज पुरवलं ते कुणीतरी परसात जपलेल्या जुन्या वेलांनीच.

याच वेलाच्या कितीतरी जाती अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावात एका बाईने सांभाळल्या. कळसूबाईच्या परिसरातलं हे गाव, जिल्हा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर. राहीबाई सोमा पोपेरे महादेव कोळी समाजातल्या, जन्म 1964 चा. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नाही; लहानपणापासून शेतात राबल्या. पाऊस पडला तर पीक, नाहीतर साखर कारखान्याच्या भागात मजुरी, अशी त्या पट्ट्यातल्या अनेक घरांची रीत होती. त्यांनी पावसाचं पाणी शेततळ्यात अडवलं आणि पडीक जमिनीवर भाजीपाला उभा केला.

बियाण्यांकडे त्या वळल्या त्या घरातल्या काळजीपोटी. नातू आजारी पडला आणि फवारणीच्या भाजीवर त्यांचा संशय गेला, असं त्या सांगतात. आपल्या आजी-पणजीच्या वेळच्या भाज्या कुठे गेल्या, हा त्यांचा प्रश्न. उत्तर शोधायला त्या आसपासच्या गावांत, म्हाताऱ्या बायांच्या घरी गेल्या. उतरंडीच्या तळाशी, माळ्यावर टांगलेल्या फडक्यात, राखेत घोळून ठेवलेलं मूठभर बी मिळत गेलं. मणिभाई देसाईंनी 1967 मध्ये उरुळीकांचनला सुरू केलेल्या बायफ संस्थेची साथ पुढे मिळाली. नोंदी, निवड आणि साठवणुकीला शिस्त आली. मातीच्या घरातच बीजबँक उभी राहिली. 17 पिकांच्या 43 स्थानिक जाती त्यांनी राखल्याची नोंद आहे. भात, वाल, कडधान्यं, तेलबिया असं सगळं त्यात आलं, पण मला त्यातली परसबाग सर्वांत मोलाची वाटते.

कारण भाजीचं बी नाजूक. वालाचं एक वेळ बरं. फूल बहुतेक स्वतःच्याच परागाने फळतं, म्हणून शेजारी दुसरी जात असली तरी भेसळ कमी होते. दोडका, दुधी, कारलं यांचं तसं नाही. नर-मादी फुलं वेगळी, मधमाशी इकडचं तिकडे नेणार, आणि दोन जाती जवळ लावल्या तर पुढच्या वर्षी तिसरंच काही उगवणार. म्हणून एका घरी एक जात, दुसऱ्या घरी दुसरी, अशी वाटणी उपयोगी पडते. शिवाय बी बरणीत कायम टिकत नाही. कांद्याचं बी दोनेक वर्षांत उतरतं. ते टिकवायचं तर ते मातीत पडलंच पाहिजे, आणि एका बाईचं रान त्याला पुरत नाही.

इथे राहीबाईंची बोली कामाला येते. बियाणं हवं त्याला द्यायचं, पैसे मागायचे नाहीत, हंगाम निघाला की दुप्पट परत घ्यायचं. खेड्यातल्या उसनवारीचाच हा नियम. पण त्यात बीजबँकेचा सगळा हिशोब बसतो: साठा वाढतो, बी ताजं राहतं, आणि एका घरात पीक बुडालं तरी जात बुडत नाही. 'कळसूबाई परिसर बियाणे संवर्धन समिती' हेच काम बचत गटांच्या बायांबरोबर करते. संकरित भाजीचं बी दरवर्षी दुकानातून आणावं लागतं, कारण त्याच्या पुढच्या पिढीत गुण फुटतात. देशी जातीला ती अडचण नाही. 2001 च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा शेतकऱ्याचा अधिकार मान्य केला. मात्र घरात बीच उरलं नसेल तर तो अधिकार वापरायचा कशावर?

शास्त्रज्ञ डॉ. रघुनाथ माशेलकरांनी राहीबाईंना 'बीजमाता' म्हटलं. 2018 मध्ये बीबीसीच्या शंभर महिलांच्या यादीत त्यांचं नाव आलं, 2019 च्या महिला दिनी नारीशक्ती पुरस्कार मिळाला, 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. दक्षिणेतही अशी माणसं आहेत. म्हैसूरच्या शेजारी, मंड्या जिल्ह्यातल्या किरुगावलूला सय्यद घनी खान यांनी भाताच्या शेकडो जाती आपल्या शेतात लावून जपल्या आहेत.

दिवाळीनंतर डांगाणात, म्हणजे अकोल्याच्या या डोंगरपट्ट्यात, वाल भरू लागतो. भाजीसाठी शेंगा तोडताना जाणत्या हाताला काही वेल ओळखता येतात: निरोगी, भरघोस, जातीला धरून असलेले. त्यांच्या शेंगा कितीही कोवळ्या दिसल्या तरी तोडत नाहीत. त्या वेलावरच वाळू देतात.