हृदय किती आखडते?

मी मराठी साहित्याचा विद्यार्थी. हृदयाशी माझा संबंध काव्यापुरताच. परंतु गेल्या वर्षी आईला स्तनाच्या कर्करोगावर डॉक्सोरुबिसिन सुरू झाले आणि वसई-मुंबई फेऱ्या करताना हृदय मोजताही येते, हे मला कळले.

हे लाल औषध गाठीला मारते, पण क्वचित हृदयाच्या स्नायूलाही दुबळे करते. म्हणून इको. श्राव्यातीत ध्वनीच्या प्रतिध्वनींवरून हृदय पाहण्याची ही युक्ती स्वीडनमधील लुंड येथे एडलर आणि हर्ट्झ यांनी १९५३ साली साधली. आईच्या पहिल्या इकोत डावी जवनिका दर ठोक्याला आतले ६० टक्के रक्त बाहेर टाकत होती. तीन महिन्यांनी पुन्हा ६०. मी निश्चिंत झालो. डॉक्टर मात्र नाहीत. त्यांनी 'स्ट्रेन'चा आकडा दाखवला. आधी उणे २०, आता उणे १६.

उणे म्हणजे आखूड होणे. स्नायूचा १० सेंटिमीटरचा पट्टा आकुंचनात ८ झाला, की उणे २०. निरोगी माणसात साधारण एवढाच असतो. चित्रातल्या करड्या ठिपक्यांचा संगणक माग काढतो आणि त्यांच्यातले अंतर किती घटले ते सांगतो.

नुसते हलणे का मोजत नाहीत? आपली विरार लोकल आठवा. झोपलेला प्रवासीही चर्चगेटला पोचतोच. म्हणून तो चालला असे कुणी म्हणत नाही. मेलेला स्नायूही शेजाऱ्यांच्या ओढीने हलतो, पण स्वतः आखडत नाही.

मग ६० टक्के टिकले कसे? भिंतीच्या आतल्या थरातले तंतू बहुतांशी उभे, मधले आडवे वेढे घातलेले. इजा बहुधा आतल्यांना आधी जाणवते आणि मधले उणीव भरून काढतात. आई अंथरुणाला खिळली तेव्हा मावशीने स्वयंपाकघर सांभाळले. पाहुण्यांना काही कळलेसुद्धा नाही, तसेच हे.

वसई-विरार मॅरेथॉनची तयारी करणाऱ्या मित्राने विचारले, धावून भिंत जाड होते तो रोगच का? नव्हे. खेळाडूच्या जाड भिंतीचा स्ट्रेन सहसा शाबूत असतो, रोगाने जाडावलेलीचा घटतो.

मूळ आकड्यात १५ टक्क्यांहून अधिक घट झाली की सावध व्हावे, असा संकेत आहे. आईची २० टक्के होती. निरनिराळी यंत्रे थोडे निराळे आकडे देतात, म्हणून डॉक्टरांनी त्याच यंत्रावर पुन्हा पाहिले आणि हृदयाला आधार देणारी गोळी सुरू केली.

परवा आकडा उणे १८ आला. "अरे, उणे म्हणजे वाईटच ना?" आईने विचारले. गाडीत बसायला जागा मिळाली होती. वसई येईपर्यंत मी तिला समजावीत होतो.