दहावीत नापास म्हणजे आयुष्यात नापास नव्हे

मुळशी तालुक्यात पौड, पिरंगुट भागात निकालानंतर आम्ही एकच वाक्य ऐकतो : "पोराचं डोकं चालत नाही, कंपनीत लावतो." मुलगी असेल तर स्थळे पाहतात. माता-पित्यांनो, डोके बंद पडलेले नसते. त्याची बांधणी चालू असते.

वयात येताना मेंदूतील न वापरलेले जोड गळतात, वापरातले पक्के होतात. धाडस, राग, मित्रांची ओढ लवकर जागी होते. कपाळामागचा विचाराचा व संयमाचा भाग मात्र साधारण पंचविशीपर्यंत घडत राहतो. झोपही उशिरा येऊ लागते. म्हणून १५ वर्षांचा मुलगा चिडतो, सकाळी उठत नाही. तो वाया गेलेला नसतो.

पण २००९ चा शिक्षणहक्क कायदा १४ व्या वर्षीच हात सोडतो. ऐन घडणीच्या काळात शाळा सुटू न देणे ही आपली जबाबदारी. परळच्या चाळीतील एका खोलीत रामजीबाबांनी भीमरावांच्या अभ्यासाला जागा करून दिली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले.

नापास झाल्यास पुरवणी परीक्षा आहे. शाळा सुटलेल्यांना १७ नंबरचा फॉर्म आहे. घरात पाचवे शील पाळा. कोवळ्या मेंदूला दारूचा घाव अधिक लागतो. रात्री मोबाईल दूर ठेवा. विहारात संध्याकाळी दोन तास अभ्यासवर्ग चालवा. मुलांना मारू नका, समजावून सांगा.

जयभीम!