ट्रंकेतली मोडी आणि आपला कित्ता

मुलीची इंग्रजीची चौरेघी वही तुम्ही रोज बघता. ‘अक्षरं जोडून काढ, पेन मधेच उचलू नकोस,’ असं तिला बजावताही. पण मैत्रिणींनो, हात न उचलता लिहिण्याची विद्या साहेबानंच आणली असं समजू नका हं! आपल्या मराठीची स्वतःची पळती लिपी होती. ती म्हणजे मोडी. तुमच्या घरात ती अजूनही असण्याचा बराच संभव आहे. सासऱ्यांच्या ट्रंकेत, फडताळाच्या वरच्या कप्प्यात, नाहीतर देवघराखालच्या डब्यात.

समजा, तुमचं सासर बारामती-इंदापूरकडचं, पिंपळीसारख्या गावचं आहे. तुम्ही शहरात राहता, पण जमिनीचा हिस्सा गावात आहे. वाटणीचा विषय निघाला की ट्रंक उघडते आणि पिवळे पडलेले कागद बाहेर येतात. खरेदीखत आहे की गहाणखत, कुणालाच सांगता येत नाही. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात आणि कागद पुन्हा आत जातात. कधी कधी तर थेट रद्दीत! २०२३ साली राज्य सरकारनं न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली आणि कुणबी नोंदी शोधायचं काम गावोगाव निघालं, तेव्हा ही अडचण सगळ्या महाराष्ट्राला कळली. कितीतरी जुन्या नोंदी मोडीत, आणि वाचणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मुलाच्या दाखल्यासाठी खापरपणजोबांच्या नावाची एक ओळ हवी, ती समोर असते, पण वाचता येत नाही. जीव किती कासावीस होत असेल!

ही लिपी आली कुठून? यादवांच्या दरबारातल्या हेमाडपंतानं ती आणली, अशी परंपरेनं चालत आलेली कथा आहे. इतिहासाचार्य राजवाडे मात्र तिचं नातं फारसीच्या ‘शिकस्ता’ या मोडक्या, घाईच्या लिपीशी जोडत. वाद विद्वानांचा, आपल्याला एवढं कळलं तरी पुरे, की पोथी बाळबोधीत आणि हिशेब, पत्रं, सनदा मोडीत, अशी कामाची वाटणी होती. बारामतीचंच बघा ना. तिथं मोरोपंतांनी आर्या रचल्या आणि त्यांचे आश्रयदाते बाबूजी नाईक मोठे सावकार. सावकारी म्हटली की मोडी आलीच. आणि हे फक्त पुरुषांचं काम होतं असंही नाही. पेशव्यांच्या घरातल्या गोपिकाबाईंनी नातवाला, सवाई माधवरावांना, केलेला लेखी उपदेश प्रसिद्धच आहे. १९१७ साली मुंबई सरकारनं कारभारासाठी बाळबोध ठरवली. शाळांतून मोडी पुढंही काही वर्षं शिकवत होते, मग तीही गेली.

आता हाताला लागूया. एकेरी वही घ्या, आणि शाई चांगली उतरेल असं पेन. बोरू मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तरी अडत नाही. मोडीत आधी पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढतात आणि मग अक्षरं तिला टांगतात, दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी! शब्दांत अंतर नाही, पूर्णविराम नाही. ऱ्हस्व-दीर्घाची कटकटही नाही: वेलांटी एकच, उकार एकच. अनुस्वार पुष्कळदा गाळलेला. म्हणजे ‘पिंपळी’ हे नाव कागदावर ‘पीपळी’ असं दिसलं तर चकू नका. अडवतो तो ‘र’. शेजारी कोण आहे ते पाहून तो रूप बदलतो. त्याला वेगळा आठवडा द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

मुळाक्षरं आधी बाजारातल्या मोडीच्या पुस्तकातून गिरवा. रोज दुपारी अर्धा तास, पण रोज. मग आपलं आडनाव, गावाचं नाव, सासऱ्यांचं नाव लिहा. कारण तुमच्या कागदात हीच पुन्हा पुन्हा येणार. ‘मौ॥’ म्हणजे मौजे, ‘प॥’ म्हणजे परगणे, अशा खुणा टिपून ठेवा. रकमेत पाव, अर्धा, पाऊण हे उभ्या रेघांनी दाखवलेले असतात. सालाचा मात्र घोळ असतो. शक असेल तर ७८ मिळवून इसवी सन काढा. शुहूर सन असला तर ते आकड्यांऐवजी अरबी शब्दांत लिहिलेलं असतं. ‘खमस अशरीन मया व अलफ’ म्हणजे पाच, वीस, शंभर आणि हजार, एकूण ११२५. त्यात ५९९ मिळवा, १७२४ येईल. (हा हिशेब मुलांकडून करून घ्या, त्यांना गंमत वाटेल.)

कागद हाताळताना मात्र घाई नको. चिकटपट्टी लावू नका, प्लॅस्टिकमध्ये पक्के बंद करू नका, कडक उन्हात पसरू नका. स्वच्छ, जुन्या सुती कापडात बांधा. दफ्तरखान्यातसुद्धा अशा गाठोड्याला ‘रुमाल’च म्हणतात. वाचून घ्यायला देताना झेरॉक्स द्या, मूळ कागद हातचा सोडू नका. कोर्टकचेरीची बाब असेल तर घरच्या वाचनावर भिस्त न ठेवता जाणकाराकडूनच लिप्यंतर करून घ्या. पुराभिलेख खात्याचे मोडीचे वर्गही होतात, त्यांची चौकशी करा. आणि गाठोडं बांधताना प्रत्येक कागदासोबत एक चिठ्ठी घाला: कागद कशाचा, कुणी वाचला, कोणत्या तारखेला.