पाणबुडीची प्रतिकृति आणि तिच्यावरील डाग

शिरूरची घोड नदी भीमेस मिळते, दौंडावरून जाणारी भीमा पुढें कृष्णेस मिळते, आणि कृष्णा बंगालच्या उपसागरांत जाते. त्याच उपसागराच्या कांठीं, विशाखापट्टणास, ‘कुरसुरा’ ही पाणबुडी किनाऱ्यावर चढवून ठेवलेली आहे. शिरूर-दौंडच्या मुलांस समुद्र दूर असला, तरी या पाणबुडीची प्रतिकृति घरच्या टेबलावर घडवितां येते. मात्र ती खरी वाटावी अशी इच्छा असेल, तर आकाराइतकाच तिच्यावरील डागांचाहि विचार करावा लागतो.

कुरसुरा सोव्हिएट रशियांत बांधली गेली. १८ डिसेंबर १९६९ रोजीं ती भारतीय आरमारांत दाखल झाली, २००१ सालीं निवृत्त झाली आणि २००२ सालीं तिचें संग्रहालय झालें. तिची लांबी ९१.३ मीटर व रुंदी ७.५ मीटर आहे. पाणतीर सोडण्याच्या नळ्या पुढें सहा व मागें चार, आणि तिला चालविणारे पंखे तीन. एकास दोनशें हें प्रमाण धरल्यास प्रतिकृतीची लांबी सुमारें ४५.७ सेंटिमीटर व रुंदी ३.७५ सेंटिमीटर भरते.

मऊ, सरळ रेषेच्या लाकडाचा ठोकळा घेऊन त्यावर प्रथम वरून दिसणारी व मग बाजूनें दिसणारी आकृति काढावी आणि जादा लाकूड तासून टाकावें. जागोजागच्या आडव्या छेदांचे नमुने पुठ्ठ्यांत कापून ते वारंवार लावून पाहावे. डोळा फसतो, पुठ्ठा फसत नाहीं. नंतर अस्तराचा रंग देऊन पॉलिश कागदानें घांसावें. लाकडाच्या रेषा दिसेनाशा होईपर्यंत हें काम पुन्हा पुन्हा करावें, कारण पोलादावर लाकडाच्या रेषा नसतात.

आतां डागांचें कारण पाहूं. या पाणबुडीस दोन कवचें असतात. आंतलें पाण्याचा दाब सोसतें. बाहेरचें तिला आकार देतें. बाहेरच्या कवचाच्या वरच्या भागांत पाणी मोकळेपणें शिरतें, व पाणबुडी वर आली कीं बाजूच्या छिद्रांच्या ओळींतून तें वाहून जातें. म्हणून मिठाचे पांढुरके ओघळ या छिद्रांखालींच दिसतात. जेथें बोटीच्या बाजूस पाण्याची पातळी येते, तेथें शेवाळाची हिरवट पट्टी धरते. नांगराजवळ व रंग घांसला जातो अशा कडांवर गंज चढतो. कारण कळलें कीं जागा आपोआप कळते. कारणावांचून दिलेला डाग हा केवळ मळ होय.

रंगाचा क्रमहि असाच विचारानें ठरवावा. काळ्या रंगांत थोडा करडा मिसळावा. लहान वस्तूवर शुद्ध काळा अवास्तव गडद दिसतो. हा मूळ रंग पाण्यांत मिसळणारा असावा. तो पुरता वाळल्यावर चकचकीत वार्निशाचा हात द्यावा. त्यावर टर्पेंटाइनमध्यें पातळ केलेला तैलरंग लावून, जवळजवळ कोरड्या कुंचल्यानें वरून खालीं ओढावा. खालचा रंग टर्पेंटाइननें विरघळत नसल्यामुळें चूक झाली तरी पुसतां येते. शेवटीं चकाकी मारणारें वार्निश द्यावें.

येथें प्रमाणाचा विसर पडूं देऊं नये. एकास दोनशें या मापांत एक मिलिमीटर म्हणजे वीस सेंटिमीटर. कुंचल्यावरून पडलेला पांच मिलिमीटरचा तांबडा ठिपका म्हणजे मूळ पाणबुडीवर एक मीटरचा गंज! बंदरांत आल्यावर आरमाराचे लोक गंज खरवडून पुन्हा रंग देतात. खोल पाण्यांत त्यांचे प्राण त्या कवचावर अवलंबून असतात. तें कुजकें दाखविणें म्हणजे त्यांच्या दक्षतेवर नाहक आळ घेणें होय. संग्रहालयांतील पाणबुडी आकारासाठीं उत्तम पुरावा आहे, परंतु ती आतां जमिनीवर आहे. समुद्राच्या खुणांसाठीं तिच्या नोकरीच्या काळांतील छायाचित्रेंच पाहिलीं पाहिजेत.

गंजाचा अभ्यास मात्र घराजवळहि होतो. दौंडच्या स्टेशनांत उभ्या असलेल्या मालगाडीच्या डब्याकडे पाहावें, अथवा शिरूरला पावसाळ्यानंतर एखाद्या जुन्या पत्र्याकडे पाहावें. गंज खिळ्यापाशीं सुरू होतो, पाण्याच्या वाटेनें उतरतो आणि उतरतां उतरतां फिका होतो. हें ज्यानें नीट पाहिलें, त्याच्या हातच्या लहानशा पाणबुडीवर एकतीस वर्षांची समुद्रसेवा थोडक्यांत, परंतु खरी उमटेल.