बांध नेमका कोठे?

सातारा जिल्ह्यात जावळी नावाचा तालुका आहे. मेढा हे या तालुक्याचे मुख्य ठिकाण. गावाजवळून वेण्णा नदी वाहते आणि आजूबाजूला सह्याद्रीचे डोंगर उभे आहेत. येथे पाऊस भरपूर पडतो. उतारावर भाताची लहान लहान खाचरे आहेत. खाचर लहान असले, की त्याच्या बांधाची किंमत मोठी होते. वीतभर जमिनीसाठी सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे होतात, हे तुम्हीही कोठे ना कोठे पाहिले असेल.

जमीन, हद्द, नकाशा हे शब्द तुमच्या चांगले ओळखीचे आहेत. मराठीने ते फारसी-अरबीतून घेतले आणि आपलेसे केले. जमीन मोजण्याची रीत मात्र बदलत गेली. पूर्वी भूकरमापक ३३ फुटांची साखळी घेऊन शेतात येत. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा. आता मोजणीसाठी ‘रोव्हर’ नावाचे यंत्रही वापरतात. काठीवर बसवलेले हे यंत्र आकाशातील उपग्रहांचे संदेश टिपते.

तुम्ही म्हणाल, “हे तर आमचा मोबाइलही करतो!” खरे आहे. पण मोकळ्या मैदानातही मोबाइलने दाखवलेली जागा चारपाच मीटरने चुकू शकते. गुंठ्याची बाजू सुमारे १० मीटर असते. म्हणजे मोबाइलवर विश्वास ठेवून बांध घातला, तर अर्धा गुंठा शेजाऱ्याच्या शेतात जाईल. मग भांडण ठरलेलेच!

ही चूक येते कोठून? अमेरिकेचे जीपीएस उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांचा संदेश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर वेगाने येतो. संदेशाला किती वेळ लागला यावरून यंत्र अंतर काढते. वेळ मोजताना सेकंदाचा दहा लाखावा भाग चुकला, तरी अंतर ३०० मीटरने चुकते. उपग्रहावर अणुघड्याळ असते. मोबाइलमधले घड्याळ मात्र साधे. म्हणून जागा शोधण्यासाठी तीन उपग्रह पुरत नाहीत. घड्याळाची चूक काढण्यासाठी चौथा लागतो.

शिवाय वाटेत हवा आहे. खूप उंचावर सूर्याच्या किरणांमुळे विद्युतभारित झालेला थर असतो. तो संदेशाला उशीर लावतो, आणि हा उशीर दुपारी जास्त असतो. खालच्या हवेतील बाष्पही थोडा उशीर करते. काही संदेश कड्यावर किंवा पत्र्याच्या छपरावर आपटून उलट्या वाटेने यंत्रात शिरतात. मेढ्यासारख्या खोऱ्यात आणखी एक अडचण आहे. डोंगरांमुळे खाली क्षितिजाजवळ असलेले उपग्रह दिसत नाहीत. डोक्यावरचे तेवढे दिसतात. सगळे साक्षीदार एकाच बाजूला उभे राहिल्यासारखे होते आणि चूक वाढते.

आता एक प्रयोग मनात करून पाहा. शाळेचे मैदान दोरीने पाच वेळा मोजा. २०.१, १९.८, २०.३, १९.९ आणि १९.९ मीटर अशी उत्तरे आली असे समजू. सरासरी बरोबर २० मीटर येते. काही चुका अधिक बाजूच्या, काही उण्या बाजूच्या. त्या एकमेकींना खोडतात. अशा चुकांना यादृच्छिक चुका म्हणतात. मोजमापे वाढवली की सरासरी सुधारते, पण हळूहळू. चूक पाचपट कमी करायची तर २५ मोजमापे हवीत.

पण दोरीच ताणून लांब झाली असेल तर? मग प्रत्येक उत्तर कमीच येईल. हजार वेळा मोजा, सरासरीही चुकीचीच राहील. दुपारच्या हवेने लावलेला उशीर हा असाच असतो. म्हणून मोबाइलने एका मिनिटात शंभर नोंदी केल्या, तरी त्या शंभर वेगळ्या साक्षी नव्हेत. त्या वेळची चूक सर्व नोंदींत जवळपास सारखीच असते. नोंदी एकमेकींच्या जवळ आल्या, की आपल्याला वाटते मोजणी अचूक झाली. माझ्या मते फसण्याची खरी जागा हीच आहे.

गणिती लोक प्रत्येक चुकीचा स्वभाव आधी अभ्यासतात आणि त्याप्रमाणे साक्षीला वजन देतात. डोक्यावरच्या उपग्रहाचा संदेश थोडी हवा ओलांडून येतो, म्हणून त्याला जास्त वजन. क्षितिजाजवळच्या उपग्रहाला कमी. त्याला अगदीच वगळून मात्र चालत नाही, कारण बाजूची साक्ष तोच देतो. मग उरलेल्या फरकांच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी होईल अशी जागा शोधतात. याला ‘लघुतम वर्ग पद्धत’ म्हणतात. लजांद्र या फ्रेंच गणितज्ञाने ती १८०५ मध्ये छापली. जर्मनीच्या गाउसने १८०१ मध्येच सेरेस या हरवलेल्या लघुग्रहाची जागा गणिताने सांगितली होती आणि तो त्याच सुमारास सापडला.

रोव्हरची युक्ती आणखी सोपी आहे. एक यंत्र ज्याची जागा आधीच पक्की माहीत आहे, अशा ठिकाणी कायम बसवलेले असते. उपग्रहांवरून आलेली आपली जागा आणि खरी जागा यांतला फरक ते पाहते. दोन्ही यंत्रांवर जवळजवळ तीच हवा असते, म्हणून चूकही तीच. ती रोव्हरच्या उत्तरातून वजा केली, की मोकळ्या जागी चूक दोनतीन सेंटिमीटरवर येते. भारतीय सर्वेक्षण विभागाने महाराष्ट्रात अशी कायमची केंद्रे उभारली आहेत. कड्यावरून परतलेल्या संदेशाची चूक मात्र वजा होत नाही, कारण ती फक्त त्या शेतातली असते. दाट झाडाखालच्या कोपऱ्याचे तसेच. तेथे भूकरमापक मोकळ्यावरचा बिंदू घेतात आणि तेथून अंतर व कोन मोजतात.

एवढे करूनही एक गोष्ट उरते. १ : १००० प्रमाणाच्या जुन्या नकाशावर अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ असेल, तर शेतात ती अर्धा मीटर रुंद होते. यंत्र दोन सेंटिमीटरपर्यंत अचूक, आणि रेघ पन्नास सेंटिमीटरची! बांध रेघेच्या अलीकडच्या कडेला की पलीकडच्या, हे कोणताही उपग्रह सांगत नाही. त्यासाठी हद्दीचा जुना दगड शोधावा लागतो आणि दोन्ही शेजाऱ्यांना समोर उभे करून विचारावे लागते.