उणे शंभर अंश सोपे, तीनशे वॉट अवघड

"एवढा तापतो तर फ्रिजमध्ये ठेव तो संगणक," हा सल्ला बहुधा थट्टेत दिला जातो, पण तो मनावर घेणारेही असतात. घरचा फ्रिज आतले गार तसेच राखण्यासाठी बनवलेला असतो. भिंतींतून झिरपणारी उष्णता आणि संध्याकाळी ठेवलेले दुधाचे पातेले, एवढे निस्तरायला त्याचा छोटा कॉम्प्रेसर पुरतो, तोही अधूनमधून विसावा घेत. इंटेलचा कोअर आय९-१३९००के हा प्रोसेसर पूर्ण जोरात चालताना एकटाच २५३ वॉटपर्यंत वीज खातो आणि तिची शेवटी उष्णताच होते. ग्राफिक्स कार्ड वेगळेच. म्हणजे बंद कपाटात पेटती शेगडी ठेवल्यासारखे. कॉम्प्रेसर थांबत नाही आणि आतले तापमान चढतच राहते.

संगणक शून्याखाली गार करण्याच्या छंदातले बहुतेक गैरसमज इथेच जन्माला येतात. लोक विचारतात, किती अंश? विचारायला हवे, किती वॉट असताना किती अंश?

पंखा कितीही मोठा घ्या किंवा पाण्याचा कुलर लावा, प्रोसेसर खोलीच्या तापमानाखाली जाणार नाही. ही साधने उष्णता खोलीतल्या हवेला देतात, त्यामुळे हवेपेक्षा गार होणे त्यांना शक्यच नाही. हे चटकन पटते. पेल्टियरचे, म्हणजे वीज दिली की एक बाजू गार आणि दुसरी गरम होणाऱ्या चकतीचे, मात्र पटत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर टीईसी१-१२७०६ ही पांढरी चकती स्वस्तात मिळते. तिच्या माहितीपत्रकात दोन आकडे असतात: जास्तीत जास्त साधारण पन्नास-साठ वॉट आणि जास्तीत जास्त सहासष्ट-सत्तर अंशांचा फरक. दोन्ही एकाच वेळी मिळतील असे वाचणारा धरून चालतो. प्रत्यक्षात पूर्ण वॉट मिळतात ते दोन्ही बाजूंचे तापमान सारखे असताना, आणि पूर्ण फरक मिळतो तो उष्णता अजिबात वाहून न्यायची नसताना. शिवाय चकती स्वतः खाते ती वीजही गरम बाजूला येऊन पडते. अशा चकतीखाली दीडशे वॉटचा प्रोसेसर ठेवला, तर ती त्याच्या अंगावर पांघरूण घालण्याचेच काम करते.

मग उरतो कॉम्प्रेसर. हा मार्ग जुना आणि खात्रीचा आहे. २००० सालच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या क्रायोटेकने एएमडीचा ॲथलॉन शून्याखाली नेऊन एक गीगाहर्ट्‌झचा तयार संगणक बाजारात आणला होता. पुढे डेन्मार्कच्या ॲसेटेकचे व्हेपोचिल आले. घरी बांधणारे एसीचा जुना रोटरी कॉम्प्रेसर, कंडेन्सर, ड्रायर, कॅपिलरी नळी आणि प्रोसेसरवर बसणारा तांब्याचा इव्हॅपोरेटर अशी जुळणी करतात. इथला गैरसमज असा की कॉम्प्रेसर मोठा घेतला, गॅस भरला, की काम फत्ते. खरी कसोटी कॅपिलरीची असते. ती लांब झाली तर गॅस कमी पोचतो. रिकाम्या यंत्रावर उणे पन्नास दिसतात, फोटो छान येतो, आणि प्रोसेसरला काम दिले की काटा झपाझप वर. ती आखूड झाली तर न उकळलेला द्रव थेट कॉम्प्रेसरमध्ये शिरून तो मोडतो. म्हणून नळी कापत-कापत जुळवावी लागते, आणि तीही खोट्या भारावर, म्हणजे ठरावीक वॉटचा हीटर लावून. आत थोडा जरी ओलावा राहिला तरी तो कॅपिलरीच्या तोंडाशी गोठतो. व्हॅक्यूम पंपाचा कंटाळा करणाऱ्याचे यंत्र पहिल्याच दिवशी तुंबते.

"उणे शंभर हवे तर उणे शंभरला उकळणारा गॅस भरा," असेही सांगतात. इथिलीन उणे १०४ अंशांना उकळतो, हे खरे. पण साधारण ९ अंशांच्या वर त्याला कितीही दाबले तरी तो द्रव होत नाही. आपल्या खोलीतला कंडेन्सर त्याच्यापुढे निरुपयोगी. म्हणून दोन यंत्रे एकावर एक रचतात. पहिल्यात प्रोपेन किंवा आर-४०४ए, जे उणे चाळीस-पंचेचाळीसच्या आसपास उकळतात, आणि त्यांच्या गारव्यात दुसऱ्याचा इथिलीन द्रव होतो. यालाच कॅस्केड म्हणतात. यंत्र बंद केले की सगळा इथिलीन वायू होऊन दाब वाढतो, तो सामावायला वेगळी टाकी लागते. कॉम्प्रेसरचे तेल पुढे वाहत गेले तर थंडीत घट्ट होते, म्हणून तेल अडवणारे भांडेही लागते. प्रोपेन आणि इथिलीन दोन्ही ज्वालाग्राही आहेत, तेव्हा गळती असलेल्या यंत्राजवळ ब्रेझिंगची ज्योत नेणे हा शुद्ध वेडेपणा. आणि एवढे करून खोली थंड होत नाही बरे का! प्रोसेसरची उष्णता अधिक दोन कॉम्प्रेसरांनी खाल्लेली वीज, सगळे खोलीतच येते.

गारव्याने संगणक आपोआप वेगवान होतो, हाही भ्रम. वेग माणसाने वाढवायचा असतो. थंडीत चिपमधली विजेची गळती कमी होते आणि चिप जास्त व्होल्टेज सोसते, एवढेच. आणि जास्त थंड म्हणजे जास्त चांगले असेही नाही. कित्येक प्रोसेसर एका मर्यादेखाली सुरूच होत नाहीत. असा वेग वाढवणारे ओव्हरक्लॉकर याला कोल्ड बग म्हणतात. विक्रमांचे आकडेही जपून वाचावेत. २०११ मध्ये एएमडीचा एफएक्स-८१५० हा ८.४२९ गीगाहर्ट्‌झला पोचला, तेव्हा त्याच्या आठपैकी दोनच कोर चालू होते.

यंत्राऐवजी काही जण प्रोसेसरवर बसवलेल्या भांड्यात द्रवरूप नायट्रोजन ओततात. तो सांडला की शॉर्ट होईल, अशी अनेकांना धास्ती असते. तो वीज वाहत नाही आणि उडून जातो. त्याचा खरा धोका दिसतही नाही. ३०० वॉट उष्णता काढताना एक लिटर नायट्रोजन हिशेबाने जेमतेम नऊ मिनिटे पुरतो आणि त्याचा सुमारे सातशे लिटर वायू होतो. दहा फूट लांब, रुंद आणि उंच अशा बंद खोलीत दहा लिटर उडाले, तर ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून सुमारे १६ वर येतो. वास नाही, गुदमरल्याची जाणीवही नाही, कारण शरीर ती कार्बन डायऑक्साइडवरून ओळखते. खिडक्या उघड्या हव्यातच. आणि द्रवरूप नायट्रोजन झाकण घट्ट बसणाऱ्या थर्मासमध्ये कधीही भरू नये, दाबाने थर्मास फुटतो.

शॉर्ट करते ते हवेतले पाणी. ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता, म्हणजे मुंबईतला पावसाळा, असेल तर दवबिंदू सुमारे २६ अंश असतो. उणे शंभर सोडाच, २० अंशांच्या नळीवरही थेंब धरतात. म्हणून सॉकेटभोवती व्हॅसलीन किंवा सिलिकॉन ग्रीस आणि वर बंद छिद्रांचा काळा फोम, हवा शिरायला फट न ठेवता. बहुतेक जण बोर्डाची वरची बाजू जपतात आणि सॉकेटची मागची बाजू विसरतात. तीही तेवढीच गार होते.

यंत्र चालू असेपर्यंत बरेचसे पाणी बर्फ होऊन जागेवर बसलेले असते. ते वाहू लागते बंद केल्यावर. त्यामुळे "आता बंद केलेय, काळजी नाही" म्हणून तासाभराने पुन्हा बटण दाबणाऱ्यांचे बोर्ड जास्त जळतात. फोम काढावा, ग्रीस पुसावे, केस वाळवायच्या ड्रायरने सॉकेट सुकवावे, आणि बोर्ड रात्रभर पंख्याखाली ठेवून मगच वीज जोडावी.