खापरपणजीची फुली

माझी सून अमेरिकन, नेब्रास्का राज्यातली. खापरपणजोबांनी १८७० च्या दशकात ओसाड माळरानावर येऊन एकट्याच्या हिमतीवर शेत उभे केले, ही गोष्ट तिच्या माहेरी मोठ्या अभिमानाने सांगतात. आपल्याकडेही मूळ पुरुषाच्या अशा कथा घरोघर असतात. सूनबाईने कागदांत काय आहे ते पाहायचे ठरवले. मी तेव्हा मुलाकडे मुक्कामाला होतो, त्यामुळे मीही त्या शोधात ओढला गेलो.

सुरुवात घरातल्या बायबलपासून झाली. तिकडच्या जुन्या बायबलमध्ये जन्म, लग्ने, मृत्यू लिहिण्यासाठी वेगळी पाने बांधलेली असत. त्यांवर पाच मुलांचे जन्म होते. मात्र अशा नोंदी वाचण्याआधी पुस्तकाच्या छपाईचे साल पाहावे. हे बायबल थोरल्या मुलाच्या जन्मानंतर बऱ्याच वर्षांनी छापलेले होते. शिवाय सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच वळणाच्या. म्हणजे त्या वेळच्या वेळी झालेल्या नव्हत्या. कोणीतरी मागाहून आठवून एका बैठकीत लिहिल्या होत्या.

मग शिरगणती. ती तिथे १७९० पासून दर दहा वर्षांनी होते. पण १८४० पर्यंत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव लिहीत. १८५० पासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव येऊ लागले. ‘स्वतंत्र’ हा शब्द मुद्दाम वापरला. गुलामांची यादी १८५० आणि १८६० मध्ये वेगळी असे, मालकाच्या नावाखाली, बहुतेक ठिकाणी नावांशिवाय. त्यांच्या वंशजांचा शोध बहुधा १८७० पाशीच अडतो. १८९० चे बहुतेक कागद वॉशिंग्टनमधल्या १९२१ च्या आगीत आणि पुढच्या हेळसांडीत गेले.

खरे घबाड सापडले ते जमिनीच्या फाइलीत. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर सरकारी जमीन नाममात्र फी घेऊन मिळे. अट अशी, की पाच वर्षे तिथे राहून ती कसायची आणि तसे दोन साक्षीदारांकडून सिद्ध करायचे. (ही जमीन ओसाड मुळीच नव्हती. प्लॅट नदीच्या त्या पट्ट्यात पॉनी लोकांची गावे होती. करारांनी त्यांची जमीन घेत घेत अखेर १८७० च्या दशकात त्यांना आजच्या ओक्लाहोमात हलवले गेले. घरच्या गोष्टीत हे येत नाही.) नेब्रास्काच्या या फायली आता संगणकावर पाहता येतात.

फाइलीतला पहिला अर्ज खापरपणजोबांचा. तिसऱ्या वर्षी ते वारले. कायद्याने विधवेला उरलेली मुदत पुरी करता येत असे, आणि ती तिने केली. शेवटचा जबाब तिचाच आहे: गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या विटांचे घर, एक विहीर, एवढे एकर नांगराखाली. खाली सहीच्या जागी फुली. आपल्याकडे अंगठा उठवीत, तशी तिथे फुली. तेव्हा बायबलमधले ते वळणदार अक्षर तिचे असणे कठीणच.

१९०० च्या शिरगणतीत बायकांना एक प्रश्न होता: किती मुले झाली, किती हयात आहेत? तिने सांगितले: झाली सात, हयात चार. बायबलमध्ये तर पाचच! मग आम्ही मागे गेलो. १८७० साली हे कुटुंब शेजारच्या आयोवा राज्यात होते, आणि त्या यादीत वर्षाची एक मुलगी आहे. बायबलमध्ये तिचे नाव नाही, १८८० च्या यादीतही नाही.

सातवे मूल बहुधा दोन शिरगणत्यांच्या मधेच जन्मून मधेच गेले. तसे असेल तर ते सरकारी यादीत मिळणार नाही. आयोवातल्या चर्चची बाप्तिस्म्याची वही आणि दफनभूमीचे रजिस्टर, एवढ्या दोन जागा उरल्या आहेत. सूनबाईने दोन्हीकडे पत्रे धाडली आहेत.